स्लीपरचा डबा ८७ ने भागला तर

आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या आराखड्याचा) जुना निळा स्लीपर डबा अंगाने २१.३४ मीटर लांब असतो. त्याचं छोटं मॉडेल करायचं म्हणून त्याला ८७ ने भागलं की २४५ मिलिमीटर येतात, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीवर तो आरामात मावेल. रुंदी ३.२४५ मीटर, भागून ३७ मिलिमीटर. चाकाचा व्यास ९१५ मिलिमीटर, भागून साडेदहा. पाचवीतल्या पोरालाही जमेल असा हिशोब आहे. मग असा एक डबा बनवायला हौशी लोकांचे महिने का जातात? आणि इतकं करूनही एखादा जाणकार लांबूनच "काहीतरी बसत नाहीये" असं का म्हणतो?

कारण भागाकार काही ठिकाणी चालतो आणि काही ठिकाणी सपशेल अडतो. हे बघायचं तर स्लीपरच्या डब्यासारखं उदाहरण नाही. तो लांब असतो, आत बर्थांची गर्दी असते आणि ओळीने खिडक्या असल्यामुळे आतलं सगळं बाहेरून दिसतं. मालगाडीच्या वाघिणीत यातलं फारसं काही नसतं. शिवाय स्लीपरमध्ये आपण सगळे कधी ना कधी रात्रभर झोपलेले आहोत. चूक कुणाच्याही नजरेला पटकन टोचते.

रुळापासूनच अडचण

८७ हा आकडा कुठून आला ते आधी बघू. मॉडेल रेल्वेच्या जगात 'एचओ' नावाचं माप सर्वात जास्त चालतं. त्यात खऱ्या एका फुटाला मॉडेलमध्ये साडेतीन मिलिमीटर धरतात, आणि त्यातून १:८७ हे प्रमाण येतं. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात. युरोप आणि अमेरिकेतल्या बहुतेक रेल्वेंचा गेज हाच. जर्मन किंवा अमेरिकन हौशी माणसाचा हिशोब त्यामुळे पहिल्याच पायरीवर जुळतो.

आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, साडेपाच फूट. ८७ ने भागून १९.२ मिलिमीटर येतात. या रुंदीचे रूळ, सांधे, चाकं दुकानात तयार मिळत नाहीत. जे मिळतं ते सगळं १६.५ चं. त्यामुळे भारतीय डबा एचओमध्ये बनवला की अंग १:८७ चं आणि पाय मात्र खऱ्या मापात २४ सेंटिमीटर अरुंद, असा प्रकार होतो. खऱ्या डब्याची रुंदी गेजच्या १.९४ पट असते, मॉडेलमध्ये ती २.२६ पट होते. डबा समोरून पाहिला की बारीक पायांवर उभ्या असलेल्या जाड माणसासारखा दिसतो तो याच कारणाने. जाणकाराला जे "बसत नाही" ते बहुतेक वेळा हेच असतं, फक्त त्याला चटकन नाव देता येत नाही.

यावर उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. १९.२ चे रूळ स्वतः अंथरायचे ठरवले तर प्रत्येक पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) हाताने बनवावा लागतो आणि प्रत्येक चाकजोडीचा आस बदलावा लागतो. दुसरा मार्ग उलटा. रूळ १६.५ चेच ठेवायचे आणि डबा १:१०१.६ या प्रमाणात लहान करायचा. गेज बरोबर जुळतो, डबा २१० मिलिमीटरचा होतो, पण मग बाजारात मिळणारी माणसं, घरं, सिग्नल सगळे त्याच्यापुढे थोराड वाटतात. बहुतेक लोक तिसरा मार्ग धरतात. फरक मान्य करायचा आणि गाडी बाजूने बघायची. माझंही मत याच बाजूने आहे. बाजूने पाहताना गेज दिसतच नाही, आणि डबा आपण बहुतेक बाजूनेच बघतो. फोटो काढणारेसुद्धा कॅमेरा अगदी समोर धरत नाहीत, ते उगीच नव्हे.

या दुखण्यात आपण एकटे नाही. स्पेनचा गेज १६६८ मिलिमीटर, आपल्यापेक्षा आठच मिलिमीटर कमी, आणि तिथलीही मॉडेलं १६.५ वरच धावतात. ब्रिटनची गोष्ट आणखी गमतीची आहे. ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान असतात. १:८७ मध्ये केली तर त्या काळच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. म्हणून त्यांनी अंग १:७६ चं केलं आणि रूळ १६.५ चेच ठेवले. त्याला 'ओओ' म्हणतात. मोटारी केव्हाच लहान झाल्या, पण तोवर लोकांच्या घरात इतके रूळ आणि डबे साठले होते की बदलणार कोण? आजही तिकडे तेच चालू आहे.

खरे डबे दोन जातींचे

मॉडेल कशाचं करायचं हे ठरवण्याआधी खऱ्या डब्यांची तोंडओळख हवी. चेन्नईजवळ पेरांबूरला १९५५ मध्ये इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली. डब्याचा आराखडा स्वित्झर्लंडच्या श्लीरेन इथल्या कंपनीचा होता. त्यातून जो पोलादी डबा निघाला तो पुढची साठ वर्षं आपल्या गाड्यांचा चेहरा राहिला. २०१८ मध्ये तिथे या जातीचे डबे बनणं थांबलं. दुसरी जात एलएचबी, म्हणजे जर्मनीच्या लिंक-हॉफमन-बुश कंपनीच्या आराखड्यावरची. पहिले डबे २००० साली जर्मनीहून आले, मग कपूरथळ्याला आणि नंतर इतर कारखान्यांत बनू लागले.

प्रवाशाच्या दृष्टीने फरक सोपा आहे. आयसीएफच्या स्लीपरमध्ये ९ खण, प्रत्येकात ८ बर्थ, एकूण ७२. एलएचबीचं अंग २३.५४ मीटर, म्हणजे सव्वादोन मीटरने लांब. त्यात दहावा खण बसतो आणि बर्थ ८० होतात. तिकिटावर ७५ नंबर आला की डबा एलएचबीचा हे चार्ट लागायच्या आधीच कळतं.

मॉडेलवाल्याला मात्र आधी खाली बघावं लागतं. (आपण बोलताना अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. इथे बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची चौकट.) आयसीएफच्या बोगीत दोन आसांमधलं अंतर २८९६ मिलिमीटर, एलएचबीच्या बोगीत २५६०. मॉडेलमध्ये ३३ आणि २९. चार मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण दोन डबे शेजारी ठेवले की लगेच कळतो. आयसीएफची बोगी लांबट, उघड्या स्प्रिंगांची, चाकांना दोन्ही बाजूंनी ब्रेकचे ठोकळे लागलेली. एलएचबीचे ब्रेक आसावरच्या डिस्कवर असतात, त्यामुळे चाकाभोवती मोकळं दिसतं. ही दुसरी बोगी युरोपातल्या फियाट घराण्यातली असल्याने तयार मिळणारी युरोपियन बोगी तिच्या जागी बऱ्यापैकी खपून जाते. आयसीएफला ती सोय नाही. तिथे स्वतःच कापायचं, ओतायचं किंवा थ्रीडी प्रिंट करून घ्यायचं. हौशी लोकांचा निम्मा जीव या बोगीतच अडकतो, आणि तिच्या जागी कुठलीतरी जर्मन बोगी लावून मोकळा झालेला आयसीएफ डबा माझ्या मते रंग कितीही सुंदर असला तरी फसलेलाच.

चाकांच्या बाबतीत मात्र नशीब साथ देतं. अमेरिकेत ३६ इंची चाकं सर्रास असतात आणि ३६ इंच म्हणजे ९१४ मिलिमीटर. अमेरिकन हौशी बाजारात मिळणारं साडेदहा मिलिमीटरचं चाक आपल्या डब्याला जसंच्या तसं लागतं.

वळण

आता सगळ्यात अवघड भाग. ब्रॉडगेजवर आपल्याकडे १० अंशांचं वळण ही कडक मर्यादा धरतात, त्याची त्रिज्या १७५ मीटर. ८७ ने भागली तर दोन मीटर. म्हणजे गाडी गोल फिरवायची तर चार मीटर रुंद जागा हवी. मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये हॉलच जेमतेम तेवढा. म्हणून दुकानात खोक्यात मिळणारे तयार रूळ खूपच कमी त्रिज्येचे असतात. त्यातला एक नेहमीचा आकडा ४३८ मिलिमीटर. खऱ्या मापात ३८ मीटर. खरा स्लीपर डबा असलं वळण घेऊच शकत नाही.

लांब डबा वळणावर काय करतो? त्याच्या दोन बोग्या रुळावर वळतात, पण अंग सरळच राहतं. मग दोन बोग्यांच्या मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो आणि दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला झुकतात. खऱ्या १७५ मीटरच्या वळणावर आयसीएफचा मधला भाग साधारण १६ सेंटिमीटर आत जातो आणि टोकं १७ सेंटिमीटर बाहेर येतात. तेवढ्यासाठी वळणावरचा प्लॅटफॉर्म रुळापासून थोडा दूर ठेवावा लागतो, म्हणूनच तिथे गाडीत चढताना फट जास्त लागते.

मॉडेलमध्ये ४३८ च्या वळणावर हाच डबा मध्ये ८ मिलिमीटर आत आणि टोकाला ९ मिलिमीटर बाहेर जातो. खऱ्या मापात हे अनुक्रमे ७० आणि ७७ सेंटिमीटरच्या घरात. एलएचबीचं आणखी कठीण. त्याच्या दोन बोग्यांच्या केंद्रांमधलं अंतर १४.९ मीटर, आयसीएफचं १४.७८. जवळजवळ सारखंच. म्हणजे लांबीतली सगळी वाढ टोकांना गेली. परिणामी त्याच वळणावर त्याचं टोक साडेबारा मिलिमीटर बाहेर येतं, खऱ्या मापात मीटरभराहून जास्त. शेजारचा रूळ फार जवळ असेल आणि त्यावर दुसरी गाडी असेल तर टक्कर होऊ शकते. सिग्नलचा खांब, बोगद्याचं तोंड, प्लॅटफॉर्मची कड, सगळं या एका आकड्यावर ठरतं. नवशिक्यांनी प्लॅटफॉर्म वळणावर बांधला की पहिला डबा हमखास त्याला घासतो.

दोन डब्यांच्या जोडाचं काय? सरळ रुळावर डबे एकमेकांना चिकटून हवेत. खऱ्या गाडीत व्हेस्टिब्यूलमधून आपण चहावाल्याच्या मागे मागे दुसऱ्या डब्यात जातो. मॉडेलमध्ये डब्यांत एक सेंटिमीटर फट ठेवली तर ती खऱ्या मापात ८७ सेंटिमीटरची होते आणि तिथून उडीच मारावी लागेल. पण फट ठेवलीच नाही तर वळणावर आतल्या बाजूचे कोपरे एकमेकांवर दाबले जातात आणि डबा रुळावरून उतरतो. आयसीएफला दोन्ही बाजूंना धक्के झेलणारे गोल बफर असल्याने ते आधी अडकतात. एलएचबीला मध्येच एक कपलर (डबे जोडणारा आकडा), बाजूचे बफर नाहीत, तेवढी सुटका.

यावरचा तोडगा फार हुशार आहे. कपलिंग डब्याला थेट न जोडता एका छोट्या सरकत्या दांडीवर बसवतात आणि ती दांडी डब्याखाली कापलेल्या इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचेत फिरते. डबा सरळ असताना दांडी खाचेच्या मधोमध, म्हणजे सगळ्यात आत. डबे जवळ. वळणावर दांडी बाजूला वळली की खाचेच्या तिरक्या कडेवरून ती बाहेर ढकलली जाते आणि दोन डब्यांमध्ये काही मिलिमीटर फट पडते. वळण संपलं की स्प्रिंग तिला परत मध्ये ओढते. गाडी वळणात शिरताना डबे हळूच लांब होतात आणि बाहेर पडताना पुन्हा चिकटतात. एका चांगल्या डब्याला हाताने वळणावरून ढकलून हे बघा, पैसे कुठे गेले ते कळेल.

युरोप-अमेरिकेत या वळणाच्या त्रासावर आणखी एक जुना उपाय आहे: डबाच आखूड करायचा. युरोपातला नेहमीचा डबा २६.४ मीटरचा, १:८७ मध्ये ३०३ मिलिमीटर. पण बाजारात २६४ आणि २८२ मिलिमीटरचेही डबे आले. मार्क्लिनचे २८.२ सेंटिमीटरचे डबे यातलेच. रुंदी-उंची १:८७ ची आणि फक्त लांबी जास्त भागलेली. अमेरिकेत ८५ फुटी डब्यांच्या जागी अॅथर्नने वर्षानुवर्षं ७२ फुटी विकले. चेअर कारमध्ये हे खपून जातं, चारदोन खिडक्या कमी झाल्या तर कोण मोजतं? स्लीपरमध्ये मात्र प्रत्येक खिडकीच्या मागे कुणाचा तरी बर्थ आहे. आयसीएफच्या स्लीपरमधून एक खण कापला तर ६४ बर्थ उरतात, आणि ६४ हा आयसीएफच्या एसी थ्री टियरचा आकडा. खिडक्या उघड्या, गज लावलेले आणि खण एसीचे, असा डबा कुठल्याच कारखान्यातून कधी बाहेर पडला नाही. त्यापेक्षा डबा पूर्ण लांबीचा करावा आणि वळणं मोठी करावीत. जागाच नसेल तर गाडी गोल न फिरवता भिंतीच्या कडेने सरळ न्यावी.

आत

आयसीएफ स्लीपरमध्ये खणात दोन्ही बाजूंच्या खालच्या बर्थला एकेक खिडकी, समोर साइड लोअरच्या दोन्ही टोकांना एकेक. एसी डब्यात खणाला एकच रुंद, बंद काचेची खिडकी. नुसत्या खिडक्यांच्या लयीवरून डबा कोणता ते कळतं, रंगही बघावा लागत नाही. फर्स्ट एसीला तर दोन्ही बाजू वेगळ्या. एका बाजूला केबिनी, दुसऱ्या बाजूला बोळ. युरोपातले स्लीपरही असेच असतात. दोन्ही बाजूंना एकच साचा वापरलेलं स्वस्त मॉडेल इथे पकडलं जातं.

खिडकीत भागाकार पुन्हा अडतो. प्लास्टिकची भिंत मजबूत राहायला साधारण एक मिलिमीटर जाड लागते. खऱ्या मापात ती ८७ मिलिमीटरची. त्या भिंतीच्या मागे काच चिकटवली की खिडकी खोल बिळासारखी दिसते. म्हणून चांगल्या मॉडेलमध्ये काचेचा तुकडा भोकाच्या आकाराचा कापून बाहेरच्या कडेपर्यंत आणतात. गजांचं तर विचारूच नका. गज एक सेंटिमीटर जाड धरला तरी मॉडेलमध्ये ०.११ मिलिमीटर होतो. साच्यातून असा गज ओतता येत नाही. कुणी पारदर्शक फिल्मवर छापतं, कुणी पितळेच्या पातळ पत्र्यावर रसायनाने कोरून घेतं. माझी पसंती पत्र्याला. छापलेले गज तिरक्या उजेडात चमकतात आणि सगळा खेळ उघडा पडतो.

आतला बर्थ सहा फुटी धरला तर २१ मिलिमीटर लांब होतो. त्यावरच्या गादीचीही एक गोष्ट आहे. १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावाला बंद झाला आणि त्याचा दुसरा वर्ग झाला, पण बर्थ लाकडीच होते. १९७७ मध्ये राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्या काळात दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंची फोमची गादी यायला लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. ती दोन इंची गादी ८७ ने भागली तर ०.६ मिलिमीटर होते. जाड कार्डपेपरचा एक तुकडा. तो लावायचा की नाही यावर तुमचा डबा दंडवत्यांच्या आधीचा की नंतरचा हे ठरतं.

मग मधला बर्थ. नियमाने तो रात्री दहा ते सकाळी सहा उघडायचा. मॉडेलमध्ये तो एकदाच चिकटवायचा असतो. साखळ्यांवर आडवा लावला तर डब्यात कायम रात्र. खाली कुणाला बसवता येणार नाही, सगळ्यांना झोपवावं लागेल. मिटून भिंतीला लावला तर खालच्या बर्थवर तिघंजण बसलेली, खिडकीला नाक लावलेलं पोर, साइड लोअरवर आरएसीवाले दोघं समोरासमोर. एका डब्यात असे १८ मधले बर्थ असतात. काहीजण दोन-तीन खणांत बर्थ उघडे आणि बाकी मिटलेले ठेवतात. संध्याकाळी सातलाच बर्थ लावून आडवा होणारा एखादा काका प्रत्येक डब्यात असतोच, तेव्हा याला कुणी चूक म्हणू नये.

प्रवासी कुठून आणायचे? प्रायझर ही जर्मन कंपनी या मापाची माणसं बनवते, एकेक १९-२० मिलिमीटरचं. पण ती ओव्हरकोट-टोपीतली. बायकांच्या स्कर्टवर पातळ कागद गुंडाळून साडी करायची, पुरुषांना रंगाने सदरा-पायजमा चढवायचा, असं इथले लोक करतात. बसलेल्या माणसांचे पाय बऱ्याचदा कापावे लागतात, कारण प्लास्टिकची सीट खऱ्यापेक्षा जाड असते. छताचे पंखे नाही केले तरी चालतं, छप्पर लागल्यावर ते कुणालाच दिसत नाहीत.

छप्पर मात्र नीट करावं लागतं, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खरा डबा आपण प्लॅटफॉर्मवरून बघतो, छप्पर दिसतच नाही. टेबलावरचा डबा आपण वरून बघतो, म्हणून सगळ्यात आधी छप्परच दिसतं. बिनएसी आयसीएफवर हवेशीर झडपांच्या रांगा असतात. एसी डब्याच्या दोन टोकांना छतात बसवलेली एसीची दोन मोठी यंत्रं. हे उलटंपालटं झालं तर बाजूच्या खिडक्या कितीही बरोबर असल्या तरी उपयोग नाही.

साल ठरवा

खरा डबा पंचवीस-तीस वर्षं चालतो आणि दर काही वर्षांनी माटुंगा किंवा लोअर परळसारख्या वर्कशॉपमध्ये जाऊन बदलून येतो. मॉडेल मात्र एका क्षणाचंच असतं. विटकरी-लाल रंग म्हणजे जुना व्हॅक्युम ब्रेकचा काळ. १९९० च्या दशकात एअर ब्रेकचे डबे निळे होत गेले. शौचालयाखाली टाकी दिसली तर डबा डीआरडीओच्या बायो-टॉयलेटनंतरचा. विटकरी-लाल डब्याखाली ही टाकी लावणं म्हणजे शिवाजी महाराजांच्या नाटकात मावळ्याच्या हातात मनगटी घड्याळ.

डब्याच्या नंबरातही साल लपलेलं असतं. जुन्या पाच आकडी नंबरात पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष आणि शेवटचे तीन डब्याचा प्रकार. स्लीपरसाठी २०१ ते ४०० हा पट्टा. ०८२३४ म्हणजे २००८ चा स्लीपर. ९४४५० लिहिलं आणि आत बर्थ लावले तर नंबर सांगतो जनरल आणि डबा सांगतो स्लीपर. नंबराचे अक्षरछापे विकत घेताना लोक जे मिळेल ते लावतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

उजेड, वजन, वेग

उजेडाचं तत्त्व खऱ्या आणि खोट्या डब्यात गंमतशीर रीतीने जुळतं. आयसीएफच्या स्लीपरला वीज बाहेरून मिळत नाही. आसावरच्या पुलीने पट्ट्यातून अल्टरनेटर फिरतो, ११० व्होल्टवर दिवे-पंखे चालतात आणि गाडी थांबली की डब्याखालची बॅटरी सांभाळून घेते. मॉडेलमध्ये चाकांतून रुळाची वीज घेतात. चाकावर धूळ आली की एलईडी लुकलुकतात, म्हणून हजार मायक्रोफॅरडच्या आसपासचा एक कपॅसिटर लावतात. बॅटरीचं काम तो करतो. मधले बर्थ उघडे ठेवून रात्र दाखवायची असेल तर पांढरे दिवे बंद ठेवून बोळात एकच मंद निळा एलईडी लावा. खऱ्या स्लीपरमध्ये रात्री तोच तर असतो.

वजनात भागाकार पुरता हरतो. लांबी ८७ ने कमी होते, पण वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पटीने. रिकामा स्लीपर साधारण ३८ टनांचा, मॉडेलमध्ये त्याचे ५८ ग्रॅम होतात. एवढा हलका डबा पॉइंटवर उडतो. अमेरिकेच्या एनएमआरए या संघटनेची शिफारस एचओसाठी एक औंस अधिक दर इंच लांबीमागे अर्धा औंस अशी आहे. आपल्या डब्याला ती १६५ ग्रॅमच्या जवळ जाते, जवळजवळ तिप्पट. फरशीखाली शिशाचे किंवा लोखंडी पट्टीचे तुकडे चिकटवायचे, शक्य तितके खाली.

वेगाचं सोपं आहे. ताशी ११० किलोमीटर म्हणजे मॉडेलमध्ये सेकंदाला ३५ सेंटिमीटर. आठ फुटी टेबल पार करायला सात सेकंद लागले पाहिजेत. बहुतेक घरांत राजधानी तीन सेकंदांत पळते. आणि २२ एलएचबी डब्यांची पूर्ण गाडी इंजिनासकट सव्वासहा मीटर, जवळपास २१ फूट होते. म्हणून लोक पाच-सहा डब्यांवर समाधान मानतात. इंजिनानंतर एक जनरल, तीन स्लीपर, एक एसी आणि शेवटी एसएलआर (गार्ड आणि सामानाची जागा असलेला डबा) एवढं असलं तरी डोळा गाडी पूर्ण झाली असं मानतो.

मॉडेल रेल्वे घेण्याआधी चालताना बघायची असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. तिथे गाड्या बघताना डब्यांच्या जोडाकडे आणि वळणावरच्या टोकांकडे नजर ठेवा.

पहिला डबा विकत घेतलात आणि तो पॉइंटवर पुन्हा पुन्हा उतरू लागला तर वजन वाढवण्याआधी कॅलिपर घेऊन चाकजोडी मोजा. दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर १४.४ मिलिमीटरच्या आसपास हवं. स्वस्त डब्यांत ते बऱ्याचदा कमी असतं. चाक आसावर किंचित फिरवत फिरवत बाहेर सरकवता येतं. जोर सरळ लावू नका, आस वाकतो.